माझं ब्लडप्रेशर आणि सईबाईंचं पथ्य

मोजण्याच्या बाबतीत माझी चूक होत नाही! तमिळ मुलखात अंबत्तूरच्या एका प्रयोगशाळेत गेली अकरा वर्षं मी कारखान्यांची मापं तपासते. मायक्रोमीटर, वजनकाटे, प्रेशर गेज, काय वाट्टेल ते आणा. खरं बोलेल त्याला तपासणीचं स्टिकर, खोटं बोलेल त्याला घरचा रस्ता. नवरा, म्हणजे मंदार, "पाच मिनिटांत आलोच" म्हणाला की मी घड्याळ लावते. त्याची पाच मिनिटं सरासरी सत्तावीस मिनिटांची असतात.

त्यामुळे एप्रिलमध्ये माझं ब्लडप्रेशर एकशे छप्पन्नावर अठ्ठ्याण्णव निघालं, तेव्हा मी आधी डॉक्टरांच्या यंत्राला स्टिकर आहे का ते पाहिलं. होतं. तारीखही चालू होती. सही माझीच होती!

"गोळी सुरू करू या," डॉक्टर श्रीरंजनी म्हणाल्या.

"कधीपर्यंत?"

"ते पुढे बघू. बऱ्याच जणांना कायम लागते."

कायम! मी बेचाळीस वर्षांची. गोळी म्हटल्यावर मला एकदम दात काढून ठेवायची वाटीच डोळ्यांसमोर दिसली. मी म्हटलं, "डॉक्टर, एक महिना द्या. नैसर्गिक उपायांनी उतरवून दाखवते!"

त्यांनी सुस्कारा सोडला. "एकच महिना. मीठ कमी, रोज चालणं, वजन खाली. घरी रोज मोजून वहीत लिहायचं. डोकं दुखलं, छातीत दुखलं, तर त्याच क्षणी इथे यायचं. आणि नाही उतरलं, तर गोळी. तेव्हा वाद चालणार नाही."

मी घरी आले ती मोहीम आखूनच. पहाटे पाऊण तास चालणं. केळीच्या खांबाच्या गाभ्याचा रस, शेवग्याच्या पाल्याचं सूप, जास्वंदीच्या फुलांचा चहा. लोणचं, पापड बंद. मीठ नावापुरतं. मंदार श्रीपेरुंबुदूरला मोटारीच्या कारखान्यात आहे. कंपनीच्या बसमधून दमून उतरला, तर ताटात शेवगा. तो म्हणाला, "ब्लडप्रेशर तुझं आहे ना?"

आता मोजायचं यंत्र. ते खाली घरमालकांकडे होतं. बालाजीराव जवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि सईबाई, त्यांच्या पत्नी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मूळचे तंजावरचे मराठी. आम्ही सांगलीहून आलो तेव्हा या शहरात मराठीत 'जेवलीस का' विचारणारं हे एकच दार होतं. त्या मराठीत तमिळही भरपूर, पण विचारलं होतं हे खरं.

सईबाईंचं ब्लडप्रेशर एकशे अठरावर शहात्तर, वर्षानुवर्षं. ते ऐकलं आणि माझ्यातली तंत्रज्ञ उड्या मारू लागली. आमच्या कामात यंत्र तपासायला एक 'मास्टर' लागतो, म्हणजे ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे असा तुकडा. आधी मास्टर मोजायचा. तो बरोबर आला, की यंत्र बरोबर. मग आपला माल मोजायचा.

"सईबाई, तुम्ही माझ्या मास्टर!"

"सरि, होतें," त्या म्हणाल्या. काय व्हायचं आहे ते विचारलंसुद्धा नाही.

यंत्रावर दोन माणसांची वेगवेगळी नोंद राहायची सोय होती. कळ 'ए'वर सरकवली की एकाची, 'बी'वर सरकवली की दुसऱ्याची. मी नियमावली टाइप केली, प्लास्टिकचं आवरण घालून भिंतीवर लावली. 'सकाळी सात. प्रथम सईबाई, कळ ए. नंतर अदिती, कळ बी.' शिवाय आकडा दिसला की माझा आकडा चढतो, म्हणून यंत्राच्या पडद्यावर पुठ्ठा चिकटवला. रविवारी बालाजीरावांनी पुठ्ठा काढायचा आणि आठवड्याच्या नोंदी वहीत उतरवायच्या. सगळं कसं शास्त्रशुद्ध!

पहिल्या रविवारी बालाजीरावांनी चष्मा पुसला आणि वाचलं. "बी. अदिती. सरासरी एकशे सोळा, चौऱ्याहत्तर."

मी किंचाळले! सात दिवसांत चाळीसने खाली!

"ए. सई." बालाजीरावांनी चष्मा पुन्हा पुसला. "एकशे चोपन्न, सत्त्याण्णव."

प्रयोगशाळेत मास्टरचं माप असं आलं असतं, तर मी काम जागच्या जागी थांबवलं असतं. मांडणी तपासली असती. मदतनीसावर ओरडले असते. पण इथे माझा स्वतःचा आकडा इतका देखणा आला होता, की त्यावर शंका घ्यायचं मनच होईना. मी निष्कर्ष काढला, की मास्टर बिघडला!

"सईबाई, काळजी करायची नाही. मी उतरवलं ना? तुमचंही उतरवते!"

"मला कांहीं होत नाहीं ग, अदिती."

"ब्लडप्रेशरमध्ये काही होत नाही, हेच तर वाईट!" हे वाक्य डॉक्टरांचं होतं आणि खरंही होतं. फक्त ते मी चुकीच्या बाईला ऐकवत होते.

बालाजीराव घाबरले. पन्नास वर्षांच्या संसारात बायकोला कधी सर्दी झालेली न पाहिलेला माणूस तो! त्यांनी सगळा कारभार माझ्या हाती दिला. सईबाईंच्या स्वयंपाकघरातून मी चार बरण्या जप्त केल्या: लिंबू, कोवळ्या कैऱ्या, माहाळीच्या मुळांचं लोणचं आणि ताकात भिजवून वाळवलेल्या मिरच्या. पुन्हा मोह नको म्हणून बरण्या वर आमच्याकडे नेल्या. रोज सकाळी मी केळीच्या गाभ्याच्या रसाचा पेला घेऊन खाली उतरायचे आणि तो संपेपर्यंत समोर उभी राहायचे. दहीभातातलं मीठही काढलं. सईबाईंनी पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "थंड आहे." एवढंच कौतुक त्यांना सुचलं.

दुसऱ्या रविवारी मी एकशे चौदा! सईबाई एकशे अठ्ठावन्न!

मी सईबाईंचं मीठ आणखी कमी केलं. आणि माझं? मी तर बरीच झाले होते! चालणं एक दिवसाआड आलं, मग ऊन फार म्हणून बंद. आणि त्या बरण्या. आधी मी लोणचं खराब तर होत नाहीये ना, एवढंच बघायला एक फोड चाखली. मग रोज बघू लागले. माहाळी सांगलीत मिळत नाही हो! भाताबरोबर तळलेल्या त्या मिरच्या म्हणजे काय सांगू! मंदार म्हणाला, "तुझं पथ्य?" मी म्हटलं, "एकशे चौदा!" त्याने ताट पुढे ओढलं. आकड्यापुढे कोण बोलणार?

एवढ्यावर थांबायचं ना? आमचे साहेब गुरुमूर्ती यांनी मला कँटीनमध्ये भाषण करायला लावलं. 'गोळीविना ब्लडप्रेशर.' मी आलेख दाखवला. टाळ्या पडल्या! लोकांनी जास्वंदीच्या चहाची कृती उतरवून घेतली. भाषणानंतर डोकं जरा ठणकत होतं. ते मी माइकच्या खरखरीवर ढकललं.

तिसऱ्या आठवड्यात अग्निनक्षत्र लागलं. इथल्या उन्हाळ्यातले हे सगळ्यात भाजून काढणारे दिवस. शनिवारी सकाळी खालून बालाजीरावांची हाक आली. "अदितीऽ! सई पडली ग!"

जिन्याच्या तळाशी सईबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढरा, हात गार. "कांहीं नाहीं," त्या म्हणाल्या. "घर फिरलें इतकेंच."

बालाजीराव त्यांना वहीने वारा घालत होते. "चढलें, अदिती! फार चढलें! आतां काय करायचें?"

या बाईला काही झालं तर? मी वही घेतली, यंत्र घेतलं, नियमावली भिंतीवरून ओरबाडली आणि रिक्षात घालून दोघांना डॉक्टर श्रीरंजनींकडे नेलं. वाटेत सईबाई माझाच हात थोपटत होत्या.

डॉक्टरांनी पट्टा बांधला. पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"अठ्ठ्याण्णवावर साठ. यांना हाय बीपी आहे असं कोण म्हणालं?"

"वही!" मी म्हटलं.

"या खातात काय?"

मी सांगितलं. मोठ्या अभिमानाने सुरुवात केली, पण डॉक्टरांचा चेहरा बघून शेवटचे दोन पदार्थ पुटपुटले. त्यांनी नर्सला मीठ घातलेलं ताक आणायला पाठवलं आणि माझ्याकडे वळल्या. "तुझा हात दे."

एकशे सहासष्टावर एकशे चार.

मी यंत्राच्या स्टिकरकडे पाहिलं. सही माझीच.

"घरी कसं मोजता, ते मला करून दाखवा," डॉक्टर म्हणाल्या.

मी आमचं यंत्र टेबलावर ठेवलं. सईबाई ताक प्यायल्या होत्या, त्यांना जरा तरतरी आली होती. त्यांनी भिंगातून नियमावली वाचली, कळ 'ए'वर सरकवली आणि रोजच्यासारखी खुर्ची माझ्यापुढे ओढली.

"तूं पहिलें बैस ग."

मी बसले. रोजच्यासारखी! पट्टासुद्धा बांधून घेतला! आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"सईबाई! 'प्रथम सईबाई' असं लिहिलंय ना?"

"वाचलें की. पण तूं वरून उतरून येणार, पाहुणी तूं. तुला उभी ठेवून मी पहिलें कशी बसूं? पहिली बसली ती 'ए', मागून बसली ती 'बी'. बरोबर न?"

वीस सकाळी ही बाई मला 'तूं पहिलें' म्हणाली होती. वीस सकाळी मी बडबडत, न बघता, तिच्या आधी बसले होते. नियमावली लिहिणारी मी, मोडणारी मी! तिच्या नावावरचं हाय बीपी माझं होतं. माझ्यासाठी सांगितलेलं पथ्य पाळलं सईबाईंनी, आणि त्यांची लोणची खाल्ली मी.

मला रडूच फुटलं. मी खाली वाकून त्यांचे पाय धरले.

"अय्यो, वांकूं नको! आणखी चढेल!" त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यांना आज चक्कर आली नसती, तर तू अजून आठवडाभर हे अंगावर वागवत, मीठ खात हिंडली असतीस. यांचे आभार मान." मी मानले. अजून मानते आहे. त्यांनी गोळी लिहिली आणि या वेळी मी 'कधीपर्यंत' विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, की चालणं आणि कमी मीठ हे उपाय खरेच आहेत, पण करावे लागतात.

"मीही तिच्यासंगे करतें," सईबाई म्हणाल्या.

"अम्मा, तुम्हाला गरज नाही. तुम्ही नेहमीसारखं जेवा."

"जेवतें की. चालायला जातें म्हटलें. तिला एकटी सोडायची नाहीं. एकटी असली कीं ती काय करते तें, वरून मिरच्या तळल्याचा वास येतो न, त्यांत कळतें."

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं! बिनमिठाचा दहीभात खाताना वरून स्वतःच्याच मिरच्यांचा वास येत होता, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

सोमवारी मी त्याच कँटीनमध्ये उभी राहून भाषण मागे घेतलं. हसले सगळे. पण गुरुमूर्ती साहेबांनी त्याच दुपारी स्वतःचं मोजून घेतलं. ते माझ्याहून वर निघाले. त्यांच्या बायकोने मला दोनदा फोन करून आभार मानले. कशाबद्दल ते मला नीट सांगता आलं नाही.

आता रोज पहाटे आम्ही दोघी चालतो. सईबाई पुढे, मी धापा टाकत मागे. गोळी घेते, मीठ मोजून घालते, वजन चार किलो उतरलं आहे. बरण्या खाली परत गेल्या, दोन रिकाम्या आणि दोन अर्ध्या. सईबाईंनी रिकाम्या मुकाट्याने घासून उन्हात ठेवल्या. त्यांनी मला झापलं असतं, तर बरं वाटलं असतं.

काल डॉक्टरांकडे तपासणी झाली. एकशे अठ्ठावीसावर ब्याऐंशी! मी पायऱ्या उतरता उतरताच मंदारला फोन लावला.

"मंदार! एकशे अठ्ठावीस!"

पलीकडून त्याने विचारलं, "कुणाचं?"