म्हादबा साळिंदराच्या गळ्यातला बोल्ट

एका जंगलात एक ट्रक होता. जंगलात ट्रक कसा आला, असं विचारू नका मुलांनो. तुमच्या घरात तरी किती वस्तू कशा आल्या हे कुणाला ठाऊक असतं? तो होता आणि चालत होता, एवढं गोष्टीला पुरे.

ट्रकचं काम एकच. उन्हाळ्यात नदीवरून पाण्याची पिंपं भरायची आणि डोंगरमाथ्यावर नेऊन उतरवायची. माथ्यावर म्हाताऱ्या जनावरांची वस्ती होती. त्यांच्या गुडघ्यांनी नदीचा नाद कधीच सोडला होता. ट्रक आला की पाणी, नाही आला की तहान, असा सरळ मामला होता.

ट्रक चालवायचा आणि दुरुस्त करायचा म्हादबा साळिंदर. अख्ख्या जंगलात इंजिन खोलून परत जोडणारा तो एकटाच. त्यातलं खोलणं त्याला फारच चांगलं जमायचं. बारा वर्षांपूर्वी त्याने इंजिन पहिल्यांदा खोललं, तीन दिवसांनी जोडलं, आणि हातात एक बोल्ट उरला. म्हादबाला घाम फुटला. पण किल्ली फिरवली तर इंजिन सुरू झालं. जमलेल्या जनावरांना त्याने ताबडतोब सांगितलं, की कंपनीला जे जमलं नाही ते आपण करून दाखवलं, एक बोल्ट कमी लावून गाडी चालवली. जनावरांनी टाळ्या वाजवल्या. म्हादबाने तो बोल्ट काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. तेव्हापासून सगळे त्याला उस्ताद म्हणू लागले.

हसू नका. तुमच्या ओळखीतल्या बऱ्याच मोठ्या माणसांच्या गळ्यात असंच काहीतरी असतं. गोष्ट सांगणाऱ्याचा गळा तपासायचं मात्र कारण नाही.

बारा वर्षांत इंजिनावर मळ साचला. तेल, धूळ, ग्रीस, पळसाची पानं आणि चुकून आत शिरलेल्या एका सरड्याची शेपटी. इंजिन कुठे संपतं आणि मळ कुठे सुरू होतो, हे उस्तादालाही सांगता आलं नसतं. कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, की इंजिनाला घाम येतो, ते कष्टाचं लक्षण आहे.

मग जंगल कार्यालयाने स्वच्छ इंजिन पंधरवडा जाहीर केला. जंगलात इंजिन एकच होतं, तरी स्पर्धेत पहिला, दुसरा आणि तिसरा असे तीन क्रमांक ठेवले होते. कार्यालयात एक कोल्हा बसायचा. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांनी म्हादबाला बोलावून सांगितलं, की परवा सिंहमहाराज इंजिनासोबत फोटो काढून घेणार आहेत. इंजिन असं घासा, की महाराजांना त्यात आपली आयाळ दिसली पाहिजे. पाण्याची खेप त्यानंतर.

म्हादबा कामाला लागला. रॉकेलचा डबा घेतला, चिंध्या घेतल्या. ब्रश शोधायची त्याला गरजच नव्हती. पाठीवरचा एक काटा उपटायचा, खाचेत घालायचा आणि चिकटा खरवडायचा. तो बोथटला की दुसरा. पहिल्या दिवशी त्याची अर्धी पाठ उघडी पडली आणि इंजिनाचा वरचा भाग दिसू लागला. तो हिरवा होता. म्हादबा बारा वर्षं त्याला काळा समजत होता.

दुसऱ्या दिवशी तो गाडीखाली शिरला. इंजिनाच्या तळाला तेलाचा चेंबर असतो, कढईसारखा, कडेने बोल्ट आवळून बसवलेला. तिथला मळ दगडासारखा घट्ट झाला होता. म्हादबाने त्यावर रॉकेल ओतलं, थोडा वेळ थांबला आणि मग काटा घातला. एक जाड खपली निघून आली. तिच्यामागे भोक होतं. भोकातून तेलाचा थेंब आला आणि म्हादबाच्या नाकावर पडला.

म्हादबाने भोकाकडे पाहिलं. मग गळ्यातल्या बोल्टाकडे पाहिलं. खात्री करायला त्याने बोल्ट भोकात घालून दोन आटे फिरवले. तो इतका छान बसला, की म्हादबाला रडूच आलं. बारा वर्षं ही गळती उस्तादीने नव्हे, मळाने थोपवून धरली होती.

त्याची बायको तानी भाकरी घेऊन आली होती. तिने खाली वाकून पाहिलं.

“बसतोय नव्हं?” ती म्हणाली. “मग ऱ्हाऊ द्या की तितंच.”

“आन् गळ्यात काय घालू?”

“मोकळा ठेवा. जरा वारं लागंल.”

म्हादबाने विचार केला. उद्या सगळं जंगल जमणार. मोकळा गळा पाहून कुणीतरी हमखास विचारणार, उस्ताद, बोल्ट कुठाय? मग काय दाखवायचं? त्याला माथ्यावरची म्हातारी जनावरं आठवली. खोटं कशाला बोलू, अगदी एकेकाच्या नावानिशी आठवली. पण माथा लांब होता आणि गळा जवळ. त्याने दोन आटे उलटे फिरवले, बोल्ट पुसला आणि परत दोऱ्यात ओवला. भोकात ओला साबण कोंबला. वरून चंदेरी रंगाचा हात मारला. वाळल्यावर सगळ्या इंजिनात तीच जागा देखणी दिसू लागली.

फोटो झकास आला. महाराजांना आयाळ दिसली. म्हादबाला पहिला क्रमांक मिळाला, दुसराही मिळाला. तिसरा भाऊसाहेबांनी कार्यालयासाठी ठेवून घेतला. हार घालून घेताना म्हादबाने बोल्ट वर काढला, म्हणजे फुलांत झाकला जायला नको.

मग पिंपं भरून ट्रक निघाला. घाटाच्या दुसऱ्या वळणावर इंजिन तापलं आणि साबण वितळला. तेल रस्त्यावर सांडत गेलं. चौथ्या वळणावर इंजिन घरघरलं आणि जाम झालं. म्हादबाने बॉनेट उघडून पाहिलं. आत सगळं चकाकत होतं.

वाट पाहून पाहून माथ्यावरची जनावरं शेवटी स्वतःच खाली आली. एकमेकांना धरत, थांबत थांबत. पुढे सरूआत्या होती. सरूआत्या म्हणजे जंगलातली सगळ्यात म्हातारी नीलगाय. डोळ्यांनी अधू, पण म्हादबाला त्याच्या चालण्यावरून ओळखायची. जनावरांनी पिंपातलं पाणी मडक्यांत ओतून घेतलं आणि मडकी दोरीने गळ्यात अडकवली.

मागोमाग भाऊसाहेबही आले. त्यांनी तेलाचा ओघळ पाहिला आणि उभ्या उभ्याच चौकशी उरकली. इंजिन धुतल्यामुळे बिघडलं. यापुढे इंजिन धुण्यास बंदी. पंधरवडा यशस्वी.

म्हादबा पुढे झाला. बोल्ट त्याने मुठीत धरला होता. तो “भाऊसाहेब” एवढं म्हणालाही. तेवढ्यात सरूआत्या त्याच्याजवळ आली आणि त्याची बोडकी पाठ चाटू लागली.

“सगळं काटं उपटून घेतलंस रं लेकरा,” ती म्हणाली. “तुजी काय चूक न्हाई. धुण्यानं घात केला. तुज्यासारका उस्ताद व्हता म्हणून तर बारा वर्सं पाणी प्यालो आमी.”

इतकी लाज म्हादबाला जन्मात वाटली नव्हती. आता सांगावंच, असं त्याने ठरवलं, आणि तोंड उघडलं.

“व्हय आत्या,” तो म्हणाला. “धुण्यानंच.”

आत्या मडकं सावरत चढाला लागली. दर चार पावलांना थोडं पाणी हिंदकळून सांडत होतं.

तात्पर्य: मळाला नावं ठेवू नयेत, मुलांनो. तो ज्याच्यावर बसतो त्याची अब्रू राखतो. म्हणून स्वच्छता जरूर करावी, पण नेहमी दुसऱ्याच्या इंजिनाची.