जोगळेकर काकांचे दोन पी

जोगळेकर काका जर्मन बोलायला लागले की समोरचा चहाचा कप आपण होऊन बाजूला घ्यावा. शब्दात एकच व्यंजन दोनदा आलं की ते बोटाने टेबल दाबतात आणि उच्चार संपेपर्यंत सोडत नाहीत. "दोन लिहिलेत ना? मग दोन्ही म्हणा की!"

काका लंडनच्या स्टॅनमोरमधले आमचे शेजारी, निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना झोपवलं, त्याची भरपाई ते आता आमच्या संध्याकाळच्या जर्मन क्लासला जागं ठेवून करतात. मला ब्रॅकनेलच्या ऑफिसने तिथे धाडलंय. काका मात्र नातीसाठी येतात. मुलगा झुरिकमध्ये, सून तिथलीच, मीरा पाच वर्षांची. काकू गेल्यापासून रविवारचा व्हिडिओ कॉल हाच काकांचा सण, आणि मीरा त्यात 'हॅलो' म्हणून पळून जाते.

आमच्या उल्रिकेबाई हॅनोव्हरच्या. त्यांच्या मते दोन पी म्हणजे आधीचा स्वर आखूड, बाकी काही नाही. सूपला त्या म्हणणार 'झुपे'. काका म्हणणार 'सुप्पे', वर बोट. जर्मनीत 'स'साठी बीसारखं दिसणारं एक अक्षर आहे. त्याला काका 'पोट सुटलेला बी' म्हणतात आणि त्याजागी हट्टाने दोन एस लिहितात. बाई लाल पेनने खुणा करून दमल्या.

शेवटी मीच वैतागलो. "काका, कशाला उगाच आर्ग्यू करताय बाईंशी?"

"अरे, बाईंचं बरोबरच आहे. पण ते त्यांच्याकडचं. झुरिकमध्ये पी चांगला दाबतात, आणि तो पोटवाला बी तर वापरतच नाहीत. मीरा तिच्या आईला म्हणाली, ग्रोसपापी, म्हणजे आजोबा, टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलतात. आता बातम्यांच्या मांडीवर कोण बसेल रे?"

मला फार वाईट वाटलं.

ईस्टरला मीरा आली आणि आईच्या मागे लपली. काकांनी धीराला म्हणून मलाही जेवायला बोलावलं होतं. त्यांनी टोमॅटोचं सार वाढलं.

"सुप्पे," ते हळूच म्हणाले आणि बोटाने टेबल दाबलं.

मीराने त्या बोटाकडे पाहिलं. एक चमचा तोंडात घातला, तोंड वेडंवाकडं केलं, आणि आपलं बोट टेबलावर दाबून ओरडली, "हाइस्स!" म्हणजे गरम आहे.

मग वाटी उचलून ती आजोबांकडे गेली आणि मांडीवर चढून बसली. काका फुंकर घालू लागले. सार केव्हाच निवलं, तरी ते फुंकर घालतच राहिले.