हातभर ढिली वायर

इस्माईलमिस्त्री रस्त्याने जाता जाता लोकांच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या ढिल्या करतात. ओलं लुगडं मातीत लोळतं, बाया शिव्या घालतात. मिस्त्री शांत. "ताणून बांधलेलं टिकत न्हाई, बाई." लग्नाच्या मांडवात जेवायच्या आधी दिव्यांच्या माळा सैल करून येतात. वायरिंगचं काम ट्रॅक्टरचं असो की रिक्षाचं, प्रत्येक जोडाला हातभर वायर जास्त. अख्खं लातूर त्यांना 'ढिले मिस्त्री' म्हणतं.

मी त्यांच्याकडे गेलो ते नाइलाजाने. आमचं गाव धरणाच्या पाण्यापलीकडे. आमची एकुलती एक मोटारनाव अधिकाऱ्यांनी बंद केली. दिवा, भोंगा, पाणी उपसायचा पंप बसवा, लायसनवाल्या वायरमनची सही आणा, मग चालवा. मागणी रास्तच. पण असा माणूस कुठे मिळतो, हे सांगायला कुणी बांधील नाही. दहावीची परीक्षा आठ दिवसांवर आणि गावातल्या मुली पाण्यापलीकडे अडकलेल्या. मी संघटनेचा कार्यकर्ता, पत्रक काढलं. पत्रकाने दिवा लागत नाही.

लातूर म्हणजे शिकवण्यांचं शहर, गल्लोगल्ली करंट शिकवणारे सर. त्यातले एक म्हणाले, "नाव वेगाच्या धड्यात येते. करंटच्या धड्यात नाव नाही." लायसनवाले म्हणाले, "पाण्यावरचं काम आपण घेत नाही."

मिस्त्री मात्र पिशवी उचलून माझ्याबरोबर एसटीत बसले. दोन दिवस नावेत खपले.

"मिस्त्री, किती वायर वाया घालवताय?"

"नाव हलती, बेटा. वायरला ते सोसलं पायजे."

काम संपलं. त्यांच्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लायसन होतं. मी कागद पुढे केला.

"सही न्हाई करणार."

माझा आवाज चढला. मुलींचं वर्ष बुडेल, जबाबदार कोण, असं सभेत बोलावं तसं त्यांना बोललो. त्यांनी बॅटरीचं झाकण लावलं.

"भूकंपाच्या आधी बहिणीच्या घराचं काम मीच केलं. सुबक दिसावं म्हणून वायर ताणून ठोकली, खाली सही केली. पहिल्या हादऱ्याला तिनं दिवा लावला. मग भिंत हलली, वायर तुटली. अंधारात तिला दार घावलं न्हाई. तवापासून सही न्हाई."

मी पुढे केलेला कागद मागे घेतला.

"आधी मला एकट्याला पल्याड ने," ते नावाड्याला म्हणाले. नाव गेली, परत आली. मिस्त्री उतरले नाहीत. पिशवीतून एक छोटा दिवा काढून त्यांनी उतरायच्या फळीपाशी बसवला.

"हा यादीत नाही," मी म्हणालो.

"दार दिसलं पायजे, बेटा."

मग त्यांनी पेन मागितला.