डोमाभाऊ आणि वाघ नसलेलं जंगल

आमच्या शेजारच्या अंगणात रोज सकाळी एक साठी ओलांडलेला माणूस विटांवर ठेवलेल्या फळीवर उभा असतो. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, डोक्याला दुपट्टा, आणि नजर खाली फळीवर, ही आता दगा देणार अशी. आमच्या चामोर्शी गावात नवा आलेला माणूस सायकल थांबवून बघतो. आम्ही आता बघत नाही. हे आमचे डोमाभाऊ. समुद्रावर जायची तयारी चालू आहे.

जायचं अंदमानातल्या एका टोकाच्या बेटावर. मागे घनदाट जंगल, पुढे समुद्र, आणि त्या समुद्रात फळीवर उभं राहून लाटेसोबत किनाऱ्यापर्यंत यायचं. याला सर्फिंग म्हणतात. भाऊंची एकुलती एक मुलगी शीतल चेन्नईला नोकरी करते. ती तिथे हे शिकली आणि मागच्या वर्षी म्हणाली, "चला बाबा, दोघं जाऊ." दुसरा कोणी असता तर हो म्हणाला असता, नाहीतर नाही म्हणाला असता. डोमाभाऊ म्हणाले, "गडबड हाये."

हा त्यांचा जुना शब्द. बस वेळेवर आली, गडबड हाये. दुकानदाराने न मागता पिशवी दिली, गडबड हाये. माझ्या बायकोने एकदा त्यांच्या आवडीचा, आलं ठेचून टाकलेला चहा पुढे केला, तर कप तसाच खाली ठेवून म्हणाले, "काय काम हाये बाई, आधी सांगून टाक."

फळीची त्यांना भीती नव्हती. आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या आधी चिखल केलेली बांधी, म्हणजे भाताचं खाचर, सपाट करायला बैलांच्या मागे लाकडी फळी बांधतात आणि तिच्यावर माणूस उभा राहतो. भाऊंचा जन्म त्या फळीवर गेला. चिखल उडतोय, बैल ऐकत नाहीत, आणि भाऊ एका हातात दोर धरून दुसऱ्या हाताने आरामात तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकताहेत. त्यामुळे शीतलने लाटेचा व्हिडिओ पाठवला तेव्हा त्यांना संशय आला तो वेगळाच.

"उभं राह्यणं ठीक हाये. पण वढते कोण?"

"लाट ओढते, भाऊ," मी म्हटलं.

"बैल नाई, दोर नाई, इंजिन नाई. फुकटात कोण वढते बापा?"

मग जंगलाची पाळी आली. तिथे वाघ नाहीत, बिनधास्त फिरा, असं शीतलने सांगितलं आणि फसली. तिसऱ्या दिवशी भाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले. "जंगल हाये आन् वाघ नाई? मंग तिथी असं काय हाये, जे वाघाले राहू देत नाई?"

आमच्याकडे मोहफूल वेचायला निघालेला माणूस आधी वाघाची चौकशी करतो. मी म्हटलं, "शीतललाच विचारा." तेवढंच त्यांना हवं असायचं.

शीतलने तरंगायचं जॅकेट पाठवलं. भाऊंनी ते धानाच्या पोत्याला घातलं, बंद आवळले आणि पोतं गावामागच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, लोटून दिलं. पोतं मजेत तरंगलं. काठावरच्या म्हशीसुद्धा मान वर करून पाहत होत्या. भाऊ मात्र नाराज. "धान तरंगलं. पण धान घाबरते का? माणूस घाबरते. माणसाची गोष्ट येगळी हाये." झालं, रविवारी हाही प्रश्न शीतलला.

कारण फोनचा वार रविवार. आणि भाऊंच्या घरात रेंज नाही, ती येते आमच्या ओट्यावर. म्हणजे दर रविवारी दुपारी माझ्या झोपेच्या उशाशी बसून हा गृहस्थ स्पीकर लावून समुद्राची उलटतपासणी करणार. जहाज बुडते काऊन? मीठ डोळ्यात गेलं तर? किनाऱ्यावरची लाट अन् आतली लाट एकच असते का, का बदलून देतात? ती पोरगीही धन्य! एकदाही आवाज चढवला नाही. मीच आतून ओरडायचो, "अहो, जा नाहीतर नका जाऊ, पण झोपू द्या!"

तर परवाच्या रविवारी शीतलचा निरोप आला. रजा टाकायची आहे, आज हो की नाही सांगा, मी तिकिटं काढते.

भाऊ फोनच्या बऱ्याच आधी आले. बायकोने चहा दिला. त्यांनी तो काही न विचारता पिऊन टाकला. बायको आत येऊन मला म्हणाली, "अहो, भाऊंनी चहा गुपचूप पिला. गडबड आहे."

मी बाहेर गेलो. "भाऊ, आता हो म्हणा आणि सोडवा आम्हाला."

"हो म्हणतलं का संपलं नं," भाऊ म्हणाले.

"काय संपलं?"

ते फोनकडे बघत राहिले. "शीतलची माय होती तवा पोरगी तिच्यासंग घंटा घंटा बोले. मी बाजूले बसून आयको. मंग माय मले फोन देई. जेवले का बाबा? जेवलो. ठेवते. माय गेली आन् तेवढंच राह्यलं. जेवले का, जेवलो. मले दुसरं बोलता येत नाई गा. मंग हे फळीचं निंघालं. मी एक संशय काहाडतो, पोरगी अर्धा घंटा समजावून सांगते. जाऊन आलो का मंग काय विचारू? पुन्हा जेवलोच नं?"

मला भरून आलं, आणि रागही आला. एवढं साधं पोरीला सांगता येऊ नये? पण नाही येत, हेही कळत होतं. मी म्हटलं, "भाऊ, हो म्हणा. आणि मगरीचं विचारा."

"कोणती मगर?"

"त्या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात म्हणे. मोठ्या."

भाऊंनी मान वर केली. चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. "तरीच! तरीच तिथी वाघ नाई!" मग डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "पण हे तू मले आजच काऊन सांगून राह्यला?"

तेवढ्यात फोन वाजला. भाऊ एका दमात म्हणाले, "हो. काहाड तिकीट. आन् मगरीचं सांग."

तिकडून शीतल आधी ओरडली, मग खूप हसली, मग मगरी कुठल्या खाडीत असतात, किनारा तिथून किती लांब, पाटी कुठे लावलेली असते, सगळं सांगत बसली. भाऊ मध्ये मध्ये "बरं, पण" म्हणून तिला आणखी पुढे ढकलत होते. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. मग ती बोलता बोलता थांबली. रेंज गेली असं मला वाटलं.

"बाबा," शीतल हळूच म्हणाली, "पण आपण जाऊन आल्यावर तुमी मले काय विचारान जी?"

भाऊंनी दुपट्ट्याचं टोक डोळ्यांना लावलं.

"काऊन?" ते म्हणाले. "दुनियेत समुद्र का एकच हाये?"