न चावता खायची नानकटाई

आमच्या आळीत नानकटाई भाजताना डोक्यावर हेल्मेट घालणारा माणूस एकच. शिवरामआप्पा. पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कोपरापर्यंत चामड्याचे मोजे, आणि समोर ट्रेमध्ये लिंबाएवढे पिठाचे गोळे. भट्टीचं झाकण उघडण्याआधी ते गळ्यातली शिट्टी फुंकतात आणि ओरडतात, "बाजूला व्हा! हीट काढतोय!"

बाजूला व्हायला तिथं बहुतेक वेळा मी आणि एक मांजर, एवढेच असतो.

आप्पांची सगळी नोकरी साजगावच्या एका लोखंडाच्या कारखान्यात गेली, तीही भट्टीवर. निवृत्त झाले, पण भाषा तिथंच राहिली. भट्टीतून निघणारा घाणा म्हणजे "हीट". चहा जास्त उकळला की "ओव्हरहीट". दुपारी आडवं व्हायचं असलं की "शिफ्ट बदलली". मी कॉलेजला निघाले आणि पायात साधी चप्पल दिसली, तर भर रस्त्यात विचारणार, "सेफ्टी कुठाय गं तुजी?" लोखंड असो नाहीतर लाडू, जाळ बघितला की माल कळतो, असं त्यांचं ठाम मत.

दर दिवाळीला आळीतल्या बायका मैदा, तूप, साखर डब्यांत भरून खोपोलीच्या एका बेकरीत न्यायच्या आणि तिथल्या भट्टीतून नानकटाई भाजून आणायच्या. यंदा त्या बेकरीवाल्यानं लाकडाची भट्टीच मोडून टाकली. बायकांनी जरा हळहळ केली आणि पाकिटातली बिस्किटं आणायचं ठरवलं. आप्पा मात्र म्हणाले, "भट्टी मोडली म्हणून माल थांबतो व्हय?"

जुनं पिंप, विटा आणि चिकणमाती घेऊन त्यांनी अंगणात स्वतःची भट्टी उभी केली.

पहिला माल निघाला तो कोळसा. दुसरा त्याहून थोडा बरा. मग हळूहळू तांबूस, खरपूस नानकटाई निघायला लागली. वास तर आळीच्या टोकापर्यंत जायचा. पण आप्पांची परीक्षा वेगळीच. ते एक नानकटाई जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि तसेच उभे राहायचे. दात लावायचे नाहीत. बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणायचे, "रिजेक्ट."

एकदा शेजारच्या बेबीताईंना राहवलं नाही. "आप्पा, चांगली कुरकुरीत हाय की! रिजेक्ट काय?"

"कुरकुरीत हाय म्हणूनच रिजेक्ट. चावायला लागता नये."

"आवं, दात हायेत ना तुमचे अजून?"

"माजे हायेत," आप्पा म्हणाले आणि लाकडं सारायला वळले.

बेबीताई माझ्याकडं बघून हसल्या. रिजेक्ट माल आळीतल्या पोरांना जायचा. त्यांची दिवाळी लवकर सुरू झाली होती, त्यामुळं कुणी जास्त विचारायच्या भानगडीत पडलं नाही.

मला मात्र आप्पांनी एकदा हाक मारली. "तू सायन्सवाली ना गं? मग सांग, ही तोंडात आपली आपण का मोडत नाय?"

मला नीट माहीत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळं मला सगळं येतं असा आळीचा समज आहे. मी चाचरत म्हटलं, "आप्पा, जाळ जरा कमी करून बघायचा का?"

"कमी?" आप्पा दुखावलेच. "अगं, एवढ्या तापावर आमी कारखान्यात जेवणाचे डबे गरम करायचो! ह्याच्या खाली आलं तर तिला भट्टी नाय म्हणत, चूल म्हणतात."

मी एक रिजेक्ट नानकटाई उचलून घरची वाट धरली.

वसुबारसेच्या दुपारी मी त्यांचा रिकामा डबा परत द्यायला गेले. गणपतीत काकींना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, झटका आला होता. एक बाजू गेली, अर्धं तोंडही. सुरुवातीला आळीतलं कुणी ना कुणी भेटायला जायचं; पुढं ते कमी झालं. मी उंबऱ्याशी पोचले तेव्हा आप्पा दुधात भिजवलेलं बिस्कीट चमच्यानं काकींच्या तोंडाशी नेत होते.

"एक घास घे गं. सण हाय."

काकींनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "आजाऱ्याचं... नको."

आप्पा वाटी घेऊन बाहेर आले. मला बघून जरा थांबले. "भिजवलेलं घेत नाय," ते हळू म्हणाले. "सणाला पण आजाऱ्याचंच देता म्हणती. चावता तर येत नाय. जिभेवर आपलं आपण मोडंल असं काय असलं तर द्या, म्हणाले डॉक्टर. मला तिच्या ताटात कोरडी नानकटाई ठेवायची हाय. चारचौघांसारखी."

एवढं बोलून त्यांनी हेल्मेट घातलं.

त्या दिवशी त्यांनी ट्रे आत सरकवला, झाकण लावलं आणि तेवढ्यात आतून काकींची हाक आली. त्यांना कूस बदलून द्यायची होती, चादरही बदलायची होती. आप्पा आत गेले ते लवकर आले नाहीत. जाळ उतरत गेला. लाकूड सारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांच्या भट्टीला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. आप्पा धावत आले तेव्हा नुसते निखारे उरले होते. शिट्टी न वाजवताच त्यांनी झाकण उघडलं.

नानकटाई पांढरीफटक. वर बारीक तडा, रंग काहीच नाही.

"कच्ची," आप्पा म्हणाले आणि ट्रे पालथा करायला निघाले.

"आप्पा, थांबा." मी एक उचलली, फुंकर मारून तोंडात टाकली. सांगायला तोंड उघडलं तोवर ती जिभेवर नव्हतीच. मी दुसरी त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी ती जिभेवर ठेवून डोळे मिटले. खूप वेळ उभे राहिले. या वेळी ट्रे पालथा न करता सरळ खाली ठेवला.

मग मोजे, चष्मा, हेल्मेट काढून ठेवलं. हात-पाय धुतले. नानकटाई गार झाल्यावर एका ताटलीत मांडून आत नेली. मी दारातच राहिले. आप्पांनी काकींना उशीला टेकवून नीट बसवलं. काकींनी ताटलीकडं पाहिलं. दूध नव्हतं, चमचा नव्हता. चांगल्या हातानं त्यांनी एक तुकडा मोडला आणि आपणच तोंडात घातला. गाल हळूहळू हलला. थोडा चुरा पदरावर सांडला. घास गिळला गेला.

आप्पा बसायचं विसरले होते.

"वेलची," काकी म्हणाल्या.

"काय गं?"

"नाय... घातली."

"राह्यली गं."

"जायफळ?"

"ते पण राह्यलं."

मग काकी एकेक शब्द जमवत रागवायला लागल्या. तूप तळहातानं पांढरं होईस्तोवर फेसायचं, कितींदा सांगायचं, तुमचं लक्षच नसतं. सगळं मला कळलं नाही, पण झटका आल्यापासून त्यांना एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. आप्पा मान खाली घालून म्हणत होते, "हो गं. चुकलं गं."

दम लागून काकी थांबल्या. त्या आणखी बोलतात का, म्हणून आप्पांनी थोडी वाट पाहिली. मग घाईघाईनं स्वतःच म्हणाले, "आणि साखर? साखर पण जास्तच झाली ना गं?"