फुगा कोणाच्या घरावर?

आमच्या शेजारचे धुडकूनाना दिवसातून दहा वेळा हाक मारतात, "माय, देख ना, फुगा कोना घरवर शे?"

नानांना लांबचं नीट दिसत नाही, म्हणून मी भाकरी थापत असले तरी पिठाच्या हातांनी अंगणात यावं लागतं. नानांच्या घरावर जाहिरातीचा मोठा लाल फुगा दोरीला बांधलेला आहे. धुळ्याहून गॅस भरून आणतात. मी वर बघून सांगते, "तुमच्याच घरावर आहे, नाना." तेवढ्यात वारा येतो, फुगा आडवा होतो, आणि परत हाक.

कारण आहे. त्यांच्या बायकोला, सोनाक्कांना, हल्ली काही आठवत नाही. स्टेशनाकडे निघून जातात आणि गल्ली सापडत नाही. पण लाल फुग्याखाली आपलं घर, एवढं त्यांनी पक्कं धरलंय. म्हणून हा फुगा. मला कळतं ते. पण वारा सुटला की फुगा आमच्या घरावर येतो, आणि त्याच्यामागे अक्का आमच्या स्वयंपाकघरात! माझ्याच डाळीत मीठ टाकतात, वर मलाच विचारतात, "तू कोन?" एकदा तर आमच्या ह्यांना दारातूनच परतवून लावलं.

नाना वाऱ्याला कधी दोष देत नाहीत. म्हणतात, "एक दोरीवर तो नाचस, तीन दोरीवर उभा राहस." दुसरी दोरी आमच्या निंबाला बांधली, तिसरी माझ्या धुण्याच्या दगडाला. भरल्या बादलीसकट दोनदा पडले मी. फुगा हेलकावे खाऊ नये म्हणून त्याला शेपूट लावलं, तेही वाळत घातलेलं माझं लुगडं फाडून. मला चारचौघांत बोलता येत नाही. आत जाऊन भांडी आपटली.

परवा असा वारा सुटला की दोन दोऱ्या तुटल्या. फुगा आमच्या कौलांवर लोळायला लागला. अक्का आल्या, चपला काढल्या, बसल्या. मागोमाग नाना धापा टाकत आले. आज बोलायचंच, असं मी ठरवलं होतं.

अक्कांनी नानांकडे निरखून पाहिलं. "हाऊ कोन शे?"

आजवर त्या नानांना विसरल्या नव्हत्या. नानांनी आत टाकलेला पाय मागे घेतला.

"दमेल दिखस बिचारा," अक्का मला म्हणाल्या. "पानी दे त्याले. बठ, भाऊ. तुनं घर कोठे शे?"

नाना उंबऱ्याशीच बसले. पाणी प्यायले. मग अक्कांकडे बघत हळूच म्हणाले, "आठेच शे." इथंच.

मी तिघांचा चहा ठेवला.