पडलेलं पातं

"वरून चकाचक दिसणाऱ्या वस्तूला आतून कुठे दुखतंय, ते मला नुसत्या आवाजावरून कळतं! आजवर एकही तडा माझ्या तावडीतून सुटलेला नाही!" ठोकेकाका छाती काढून म्हणाले.

चाचणीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं पितळी हातोडीने वस्तू ठोकून ठोकून त्यांचं खरं नाव सगळे विसरले होते. ते कलिंगड घ्यायला आले की फळवाला दुकान आवरायला लागे!

समोर कृत्रिम पाय बनवणारी कारागीरबाई बसली होती. तिने पिशवीतून कार्बन फायबरची दोन काळी, वाकडी पाती काढली. अगदी जुळी भावंडं! एकावर चिठ्ठी होती 'मोडा', दुसऱ्यावर 'तपासा'.

"माझ्याकडची धावपटू पोरगी असल्या पात्यावर धावते. परवा तिचं पातं जिन्यावरून गडगडलं," बाई म्हणाली. "वर ओरखडासुद्धा नाही, पण आत थर सुटले असले तर शर्यतीत मोडेल हो पायाखाली! आणि शर्यत रविवारी! तिनेच ही पिशवी भरून दिलीय. 'तपासा' लिहिलंय ते पडलेलं असणार. दुसरं मोडून बघा, किती भार सोसतं ते."

"संध्याकाळपर्यंत निकाल देतो. दिला म्हणजे दिला!"

पाती टेबलावर ठेवून काका चहा पिऊन आले, मग 'मोडा'वालं पातं यंत्रात आवळलं आणि भार चढवला. दोनशे किलो... तीनशे... आतून टिक टिक आवाज यायला लागला. तंतू तुटत होते. चारशेवीसला असा धडाका झाला की शेजारच्या खोलीतले साहेब टेबलाखाली गेले!

"बाई गं! मोडलं की काय?" फडकं घेऊन आलेल्या सफाईच्या मावशींनी विचारलं.

"मोडायचंच होतं, मावशी."

"मग बरं. मघाशी टेबल पुसताना दोन्ही चिठ्ठ्या निघाल्या होत्या. मी आपल्या अंदाजाने लावून टाकल्या."

"अंदाजाने?" काकांचा आवाज चिरकला. "मावशी! मी त्या पोरीचा पाय मोडला की हो!"

पण हातपाय गाळणाऱ्यातले काका नव्हते. उरलेल्या पात्यात पडल्याची खूण सापडली, तर सगळं ठीक! त्यांनी ते इंच इंच ठोकलं. प्रत्येक ठोका खणखणीत. मग जेल फासून ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासलं. एकदा, दोनदा, पाचदा! जेवणाचा डबा तसाच राहिला. पातं निर्दोष. निर्दोष वस्तूचा काकांना जन्मात इतका राग आला नव्हता.

संध्याकाळी कारागीरबाई धावपटू पोरीला घेऊन आली. काका हात जोडून उभे.

"पोरी, तुझं पातं... माझ्या हातून..."

"माझं पातं? ते हे काय, पायात आहे!"

"अगं, पण पडलेलं पिशवीत घाल म्हटलं होतं ना मी?" बाई ओरडली.

"ताई, माझा रोजचा पाय दुरुस्तीला तुमच्याकडे! मग मी इथवर उड्या मारत येऊ? म्हणून दोन्ही जुनी पाठवली. एक मोडायला, एक तपासून माझ्या पात्याशी ताडून बघायला. पडलेलं मी घालूनच येणार होते."

काका मटकन खुर्चीत बसले आणि दुसऱ्या क्षणाला उठले. "काढ ते! आत्ताच्या आत्ता!"

टण. टण. टण. वाकणाशी, थप! यंत्रावर रुपयाएवढा डाग उमटला. आतले थर सुटले होते.

"यावर धावायचं नाही," काका म्हणाले.

"एवढासा तर डाग आहे, काका! वर्षभर तयारी केलीय मी!"

"पळताना तो वाढेल. पातं ठीक आहे म्हणून मी सही देणार नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही." मग त्यांनी उरलेलं जुनं पातं तिच्यापुढे धरलं. "हे घे. याच्याइतकं तपासलेलं पातं अख्ख्या मैदानात नसेल!"

रविवारी काका सहकुटुंब मैदानावर हजर होते. कठड्यावर चढून, घसा फोडून ते ओरडत राहिले. शर्यत संपल्यावर पोरगी घामाघूम होऊन जवळ आली.

"पातं मस्त होतं, काका. मी चौथी आले."

"चौथी? अगं, पहिली आलीस! मी डोळ्यांनी बघितलं!"

"ती दुसरीच पोरगी होती, काका. मघापासून सगळ्यांना विचारतेय, कठड्यावरून तिच्यासाठी ओरडणारे हे काका कोण म्हणून!"